पाच वाजताचा मुलगा

आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता, माझी बायको बारा वर्षांचा जपानी मुलगा असे. उरलेल्या वेळात ती एका शाळकरी मुलीची आई आणि माझ्यासारख्या सेक्शन ऑफिसरची पत्नी होती, आणि दोन्ही भूमिकांत तिला संवाद भरपूर होते.

हे कसं घडलं ते सांगतो. करोल बागेतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी बालनाट्य होई आणि बालनाट्याला बालक मिळत नसत. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना तालमीपेक्षा क्रिकेट प्रिय, आणि संवादात ‘खट्याळ’ किंवा ‘आगाऊ’ असा शब्द आला की ती अर्थासाठी आईकडे बघत. त्यामुळे मुलग्यांची कामं हिच्याकडे येत. उंची बेताची, अंग चपळ, आणि आवाज पितळी तांब्यावर चमचा वाजवावा तसा. शेवटच्या रांगेत एक कमी ऐकू येणारे निवृत्त उपसचिव बसत. त्यांनाही तो पोचे, आणि पोचला की ते दचकून जागे होत.

त्या उत्सवाला लाउडस्पीकर पुरवणारे एक पंजाबी गृहस्थ होते. उदारीकरण म्हणजे काय, हे मला मंत्रालयातल्या टिपणांपेक्षा त्यांच्या दुकानाच्या पाटीवरून जास्त कळलं. पाटीवर आधी ‘टेंट व लाउडस्पीकर’ होतं. मग त्याखाली ‘व्हिडिओ शूटिंग’ आलं. केबलवर नवनवी चॅनलं उगवायला लागली तेव्हा एक दिवस सगळी पाटी पुसून ‘इंटरनॅशनल डबिंग स्टुडिओ’ असं रंगवलेलं दिसलं. चॅनलांना दिवसभर दाखवायला काहीतरी हवं होतं आणि जपानी कार्टून मालिका त्यांना घाऊक मिळत होत्या. त्यांना ॲनिमे म्हणतात हे पुढे कितीतरी वर्षांनी मुलीनं आम्हाला शिकवलं. तेव्हा ते सरसकट कार्टूनच होतं. अशाच एका मालिकेतल्या मुलासाठी त्या गृहस्थांना हिंदी आवाज हवा होता, आणि त्यांनी हिला गणपतीच्या स्टेजवर ऐकलेलं होतं.

स्टुडिओच्या उद्घाटनाला मीही होतो, कारण प्रमुख पाहुणा मी मिळवून द्यावा अशी मालकांची इच्छा होती. आमच्याकडचे एक सहसचिव यायला तयार झाले. ते उशिरा येणार हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे समोसे उशिरा तळले होते. साहेब त्याहून उशिरा आले. रिबन कापून त्यांनी भारत आणि जपान यांच्या संबंधांचा बुद्धापासून आढावा घ्यायला सुरुवात केली. आढावा महायुद्धापर्यंत आला तेव्हा खालून कोणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवला. खाली मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि हॉर्न वाजवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक तो घेत नसे. साहेबांनी भाषण तिथेच आवरलं. त्या दुकानदाराबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

त्याच हॉर्नांच्या डोक्यावर हिनं वर्षभर काम केलं. खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या होत्या. पंख्याची घरघर टेपवर येते म्हणून पंखा बंद. दिल्लीच्या जून महिन्यात, त्या रजयांच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून ही समोरच्या लहान पडद्याकडे बघत उभी राही. पडद्यावर तो मुलगा: खांद्यावर पितळेचा यंत्रपक्षी, पायांत मापापेक्षा मोठे बूट, हरवलेल्या थोरल्या भावाला शोधत डोंगरोडोंगर हिंडणारा. त्याचं तोंड उघडलं की हिनं बोलायचं, मिटलं की थांबायचं. तोंडाच्या या उघडझापेला ते लोक ‘लिप’ म्हणत. जपानी वाक्य इंग्रजीतून हिंदीत येईपर्यंत कुठेतरी आखूड होई. तोंड अजून उघडं आणि शब्द संपलेले, असं झालं की शेवटी ‘यार’ लावायचा. तो मुलगा जपानी असून बोलायला दिल्लीतल्या राजौरी गार्डनचा वाटे, त्याचं कारण हे. त्याच्या शिदोरीतले भाताचे गोळे हिंदीत लाडू झाले होते. जपानी माणसं जेवायलाही लाडूच खातात अशी कॉलनीतल्या मुलांची बरेच दिवस समजूत होती.

दिग्दर्शक म्हणून एक तरुण गृहस्थ होते, गंभीर नाटकांतून आलेले, दाढी आणि झोळीसकट. एका भागात त्या मुलाला बर्फात भावाचा मफलर सापडतो. तिथे हिचा आवाज भरून आला. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, “मैडम, रोइए मत. रोने की लिप नहीं है.” हे घरी येऊन सांगताना ही इतकी हसली की हातातला चहा सांडला.

मालिका सुरू झाली त्या दिवशी कॉलनीतली निम्मी मुलं आमच्या बाहेरच्या खोलीत जमली होती. तमिळ, बंगाली, ओडिया, गढवाली. अशा कॉलन्यांमध्ये सरकारनं राष्ट्रीय एकात्मता क्वार्टर देऊन ठेवलेली असते. पडद्यावरच्या मुलानं पहिलं वाक्य म्हटलं आणि सगळी डोकी एकदम मागे वळली. मागे ही पदर खोचून पोह्यांच्या बशा भरत होती. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. ती लाजेनं आतल्या खोलीत जाऊन बसली. मैत्रिणींच्या आया शाळेत शिकवत, नाहीतर टायपिंग करत. तिची आई मुलगा होत होती, आणि तेही केबलवर.

ही भाजी आणायला निघाली की मुलं मागे लागत, “आंटी, उसकी आवाज़ में बोलो न.” मग ही भेंडीचा भाव त्या मुलाच्या आवाजात विचारी. भाजीवाला चेहरा न हलवता नेहमीचाच भाव सांगे.

माझं ऑफिस साडेपाचला सुटे, त्यामुळे मी ती मालिका फारशी पाहिली नाही. सुट्टीच्या दिवशी समोर आली तर आली. शिवाय तो आवाज घरात दिवसभर मोकळा फिरत असताना तो ऐकायला टीव्हीसमोर बसावं, असं कोणाला सुचणार?

आणि मग एका सोमवारी पाच वाजता मुलाच्या जागी केस वाढवण्याचं तेल विकणारा माणूस आला. दुसऱ्या दिवशीही तोच. चॅनलनं मालिका मध्येच बंद केली होती आणि स्टुडिओकडे पुढचे भाग येणं थांबलं होतं. कॉलनीतली मुलं दारात उभी: भाऊ सापडला का? हिनं खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही. मुलांना ते पटलं नाही. ती सगळी सरकारी नोकरांची मुलं होती. आंटींना वरून आदेश आहे अशी त्यांनी आपापसात खात्री करून घेतली आणि निमूट परत गेली.

पुढे मी निवृत्त झालो आणि आम्ही यमुनेपलीकडे इंदिरापुरमला फ्लॅट घेतला. सोसायटीला स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवराचं नाव होतं आणि पाणी टँकरनं येई. गेटाला रोमन खांब, खांबांमागे मोकळं रान, आणि रानाच्या टोकाला पुढच्या सोसायटीची पाटी. मुलगी गुडगावला एका कॉल सेंटरमध्ये लागली होती. तिथे तिला अमेरिकन लोकांना कळेल असं बोलायला शिकवत होते. ही नव्या घरात रमली. आठव्या मजल्यावरून खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारायला तिला इंटरकॉम लागत नसे. इंटरकॉम बंदच असे हा भाग वेगळा.

तिथे हिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची होती आणि काढणं भाग होतं. डॉक्टर भले होते. त्यांनी आधीच समजावून सांगितलं की आवाजाची नस त्या गाठीला चिकटलेली दिसते, ती वाचेलच असं सांगता येत नाही. ती वाचली नाही. ही वाचली, आणि त्या वेळी आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं. आवाजाच्या जागी एक कुजबुज उरली. वाऱ्यानं वर्तमानपत्राचं पान हलावं तेवढी.

लोक चांगलं वागले, पण लोकांना काय करावं कळत नसे. निम्मे लोक हिच्याशी ओरडून बोलत, जणू हिला ऐकू येत नाही. उरलेले हिच्यासारखंच कुजबुजत. सोसायटीचे सेक्रेटरी, एरवी माइकशिवाय नमस्कारही न करणारे, आमच्या दारात येऊन देखभाल शुल्काबद्दल कटात सामील झाल्यासारखे कुजबुजून गेले. ही सगळं हसण्यावारी नेई. इस्त्रीवाल्यासाठी तिनं एक स्टीलची थाळी आणि लाटणं गॅलरीत ठेवलं होतं.

साधारण दोन वर्षं गेली असतील. एका सकाळी चहा घेताना ती माझ्याजवळ सरकून म्हणाली, “अहो, मला माझा आवाज आठवत नाही.”

मी म्हणालो, मला आठवतो.

“तुम्हाला आठवून मला काय उपयोग?”

त्या दिवसापासून आम्ही तो शोधायला लागलो. आमच्या पिढीनं फोटो जपले, सोनं जपलं, रिकामे डबे तर फारच जपले. आवाज जपून ठेवायची वस्तू आहे असं कोणाला वाटलं नाही. भाचीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तीत ही मंगलाष्टकं म्हणताना स्पष्ट दिसते, पण व्हिडिओवाल्यानं सौंदर्यदृष्टीनं सबंध लग्नावर सनई घातलेली. मंडळाच्या नाटकांच्या कॅसेटांवर मंडळानंच पुढे भजनं भरली होती. पुण्याला हिच्या भावाकडे विचारलं. त्यानं उलट आम्हालाच विचारलं की ताईचा आवाज तुमच्याकडे नाही का?

उरला तो मुलगा. मी करोल बागेत गेलो. स्टुडिओच्या पाटीवर आता ‘स्पोकन इंग्लिश व कॉल सेंटर ट्रेनिंग’ होतं आणि रजयांच्या खोलीत पंचवीसेक मुलंमुली एका सुरात हवामानाची चौकशी करत होती. मालक म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला, हिची बातमी ऐकून बराच वेळ मान हलवत राहिले. टेपांचं विचारल्यावर म्हणाले की टेप महाग असायची, काम चॅनलकडे पोचलं की त्याच टेपवर पुढचं काम भरायचे. सगळेच तसं करत. मी उठलो तेव्हा त्यांना आठवलं. ती मालिका आता व्हीसीडीवर येतेय, ते म्हणाले. सगळे भाग, शेवटासकट, हिंदीत. नोएडाच्या नव्या मॉलमध्ये समारंभ आहे.

घरी येऊन हे सांगितल्यावर हिनं कपाट उघडलं आणि मोरपंखी साडी बाहेर काढून इस्त्रीला टाकली.

मॉल इतका नवा होता की सरकत्या जिन्यापाशी चढणाऱ्यांना हात द्यायला एक माणूस नेमलेला होता. मधल्या चौकात व्यासपीठ, धूर सोडणारं यंत्र, आणि फोमचं भलंमोठं डोकं घातलेला आमचा मुलगा. त्या डोक्याला आतून घाम येत असणार, कारण दर दहा मिनिटांनी त्याला खांबामागे नेऊन पाणी पाजत होते. प्रमुख पाहुणे स्थानिक पुढारी होते आणि परंपरेला धरून उशिरा आले. त्यांनी दीप लावला, फोमच्या डोक्याला हार घातला आणि या मुलानं आपल्या भागाचं नाव उज्ज्वल केल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. टाळ्या झाल्या. एरवी मी हे सगळं चवीनं पाहिलं असतं. पण ही पहिल्या रांगेत लहान पोरांच्या मधोमध उभी होती, माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून, आणि मला फक्त ती मूठ कळत होती.

दिवे मंद झाले. मोठ्या पडद्यावर डोंगर आले, पक्षी आला, मुलगा आला. त्यानं तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. गोड, पातळ, स्वच्छ. मुंबईला सगळी मालिका नव्यानं डब केली होती. हिंदीही सुधारली होती. ‘यार’ गेले होते, आणि भाताच्या गोळ्यांना भाताचे गोळे म्हणत होते.

बाहीवरची मूठ सुटली. ही पहिला भाग संपेपर्यंत तिथेच उभी राहून बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “चांगली आहे पोरगी. दम छान आहे तिचा.”

“तुझ्यासारखी नाही,” मी म्हणालो.

“तुम्हाला खरंच आठवतंय, की नुसतं म्हणताय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला आवाजाचं वर्णन आठवतं. पितळी तांब्या आठवतो, चमचा आठवतो. तो वाजत मात्र नव्हता.

व्हीसीडीचा सगळा संच आम्ही घेऊन आलो, आणि पुढच्या आठवड्यात दुपारी जेवण झाल्यावर रोज थोडे असे सगळे भाग पाहिले. भाऊ सापडला. तो एका दूरच्या खिंडीत वारा मोजण्याचं काम करत होता. भेटल्यावर दोघं फारसं बोलले नाहीत. बराच वेळ नुसतं गवत हलताना दाखवलं होतं. ही म्हणाली, “कळलं एकदाचं.” व्हीसीडींचा डबा बंद करून तिनं वरच्या फळीवर ठेवला आणि त्यानंतर आवाजाचा विषय काढला नाही. ही एखादी गोष्ट पुन्हा काढत नाही तेव्हा ती संपलेली नसते, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं होतं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गेली दोन वर्षं हिनं ते केलं नव्हतं. तिळगूळ हातावर ठेवताना ‘गोड बोला’ म्हणायचं असतं, आणि ते कुजबुजून सांगणं तिला जमेना. या वर्षी मुलीनं हट्ट धरला. आलेल्या बायकांत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या तमिळ शेजारीण होत्या. पंधरा वर्षं आमच्यात एक भिंत होती, आणि दर संक्रांतीला त्या हौसेनं येत. आता मुनिरकाच्या फ्लॅटांत राहायच्या. हिनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, ओठ हलवले, आणि त्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी हिचे दोन्ही हात धरून ठेवले. मुलीनं, विषय बदलावा म्हणून, मॉलची सगळी हकिकत त्यांना सांगितली.

शेजारीण म्हणाल्या, “लेकिन भाभी, हमारे पास तो है.”

त्यांचा मुलगा पाच वाजता मृदंगाच्या क्लासला जाई. म्हणून त्या रोजचा भाग टेप करून ठेवत. तो आल्यावर बघे आणि दुसऱ्या दिवशी त्याच कॅसेटवर पुढचा भाग. असं मालिका संपेपर्यंत, म्हणजे बंद पडेपर्यंत, चाललं. तेल विकणाऱ्या माणसाला टेप करायचं कारण नव्हतं, म्हणून शेवटचा भाग कॅसेटवर राहून गेला. चॅनलनं मालिका बंद पाडली याबद्दल मी वर्षानुवर्षं चॅनलवाल्यांना नावं ठेवत आलो होतो. ती चालू राहिली असती तर त्या कॅसेटवर दुसरंच काहीतरी असतं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मुलीला घेऊन मुनिरकाला गेलो. शेजारणीचे यजमान हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी व्हीसीआर विणलेल्या झाकणाखाली ठेवला होता आणि स्पिरिट लावलेल्या कापसानं त्याचं हेड नुकतंच पुसलं होतं. आम्हा तिघांना सोफ्यावर बसवून ते स्वतः यंत्राशेजारी स्टूल घेऊन बसले. आधी साबणाची जाहिरात लागली. मग चित्रावर मुंग्या आल्या, गेल्या, आणि मुलगा बोलला.

हिचाच आवाज होता. तांब्या, चमचा, सगळं. मला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग थोडी निराशाही आली. तिचं कारण मला लगेच कळेना. ही ताठ बसून बघत होती. मधूनमधून माझ्याकडे झुकून बोले. इथे श्वास चुकला. हा ‘यार’ इथला नाही, दुसरीकडचा उचलून त्यांनी नंतर घातला. आता तो चिडणार बघा. आता तो पक्ष्याला समजावणार. तेव्हा मला कळलं. हीसुद्धा त्यालाच ऐकत होती. आवाज हिचा होता, पण तो हिनं त्या मुलाला इतका नीट दिला होता की त्यात ही उरली नव्हती. आम्ही एका कसबी नटीचं उत्तम काम बघत होतो. स्वयंपाकघरातून मला हाक मारणारी बाई त्यात कुठे नव्हती.

मुलगा एका दोरांच्या पुलावर आला. फळी मोडली, पाय आत गेला, आणि तो ओरडला,

“आई गं!”

आणि लगेच, त्याच दमात, “च्च.”

दूध उतू गेल्यावर, दारात बोट चेमटल्यावर, मी छत्री ऑफिसात विसरून आल्यावर उमटणारा तो च्च. जपानच्या डोंगरात, हिंदी मालिकेत, अस्सल आमच्या ओट्यापाशी उमटायचा तो.

यजमानांनी आपणहून यंत्र थांबवलं. पडद्यावर मुलगा अर्धा पुलात, अर्धा बाहेर, थरथरत राहिला.

“ही मी,” बायको म्हणाली. कुजबुज होती, पण सगळ्यांना ऐकू आली.

मग तिला सगळं आठवलं. माइकच्या लोखंडी स्टँडवर तिचं कोपर खरोखरच आपटलं होतं, नेमकं तो पडत असताना. हिंदीत काय ओरडायचं ते समोर कागदावर लिहिलेलं होतं. पण कोपर आपटलेल्या माणसाला कागद कुठला वाचता येतो? दिग्दर्शक काचेपलीकडे खूश झाले: अभिनय असावा तर असा. लिप जुळली होती, खालून हॉर्न वाजला नव्हता, त्यामुळे ते तसंच राहिलं. ही कळवळून कोपर चोळत पुढची वाक्यं बोलली होती. हे सगळं तिनं हातवारे करून, मध्ये थांबून श्वास घेत सांगितलं. आवाज गेल्यापासून ती एका वेळी इतकं बोलली नव्हती.

शेजारीण ऐकता ऐकता हसायला लागल्या. त्यांचा मुलगा त्या काळात सायकलवरून पडला की हेच ओरडे. पुढे चेन्नईला शाळेत गेला तर तिथल्या बाईंनी विचारलं, ही कुठली भाषा? तो म्हणाला, जपानी.

ही माझ्याकडे वळली. “मी एवढ्या मोठ्यानं ओरडायचे?”

“रोज,” मी म्हणालो.

“खोटं.”

“दीवार एक ही थी, भाभी,” शेजारीण म्हणाल्या. “आपका दूध गिरता था, तो हम अपना गैस देखते थे.”

ही हसली. हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. पण ते बराच वेळ हलत राहिले आणि डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिनं यजमानांकडे बघून बोटानं हवेत एक लहान गोल काढला. ते म्हणाले की टेप जुनी आहे, सारखी त्याच जागी मागे घेतली तर तुटेल. असं म्हणत त्यांनी ती मागे घेतली.

मुलगा पुन्हा पुलावर चढला. पक्ष्याशी काहीतरी बोलला. एक फळी ओलांडली, दुसरी ओलांडली.

“थांबा,” ही माझ्या कानाशी म्हणाली. “आता मी.”